शेकडा कशावर?

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला)

गणित सुटावे म्हणून कला शाखेकडे वळलेली मंडळी आपल्या महाविद्यालयात थोडीथोडकी नसतील. प्रस्तुत लेखिका त्यांच्यापैकीच एक. दहावीचा निकाल हाती आला त्या दिवशी मला खरा आनंद झाला तो गुणांचा नव्हे. हौदाचे नळ, समोरासमोर येणाऱ्या आगगाड्या आणि भिंत बांधणारे मजूर यांचे तोंड आता पुन्हा पाहावे लागणार नाही, याचा तो आनंद होता. तो फार दिवस टिकला नाही. अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत गणिताने मला गाठले, तेही एका दुकानाच्या गल्ल्यापाशी.

आईला शिवणयंत्र घ्यायचे होते. किंमत होती १२,००० रुपये. एवढी रक्कम एकदम काढणे घरात शक्य नव्हते. दुकानदार म्हणाले, "वहिनी, पैशाची काळजी कशाला करता? यंत्र आजच घेऊन जा. शेकडा बारानं व्याज, बारा महिन्यांचे बारा हप्ते." त्यांनी कागदावर हिशेब मांडला. १२,००० वर शेकडा १२ प्रमाणे वर्षाचे व्याज १,४४० रुपये. मुद्दल व व्याज मिळून १३,४४० रुपये. त्याला १२ ने भागून दरमहा हप्ता १,१२० रुपये.

आईने कागद माझ्यापुढे सरकवला. "बघ गं, बरोबर आहे का?"

मी पाहिले. गुणाकार बरोबर होता, बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. मी मान डोलावली. आईने सही केली.

त्या कागदावर एकही आकडा चुकलेला नव्हता. चुकले होते ते माझे उत्तर. नेमके काय चुकले हे मला दोन-अडीच वर्षांनी, सगळे हप्ते फिटल्यावर कळले. तेच आपणांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मात्र त्यासाठी शाळेतल्या काही साध्या उदाहरणांवरून चालत यावे लागेल. वाचकांनी कागद-पेन्सिल हाताशी घेतल्यास उत्तम.

आधी वाचन, मग आकडे

पदवीच्या दुसऱ्या वर्षी स्पर्धा परीक्षांचा विचार मनात आला आणि अंकगणिताशी पुन्हा गाठ पडली. पोलीस भरती असो वा राज्यसेवेची पूर्वपरीक्षा असो, कला शाखेच्या पदवीधरालाही त्रैराशिक, शेकडेवारी व सरासरी यांतून सुटका नाही. जुनी पाठ्यपुस्तके माळ्यावरून खाली आली.

उदाहरण सोडवण्याची शाळेतील रीत आपल्याला आठवत असेल. दिलेले काय, काढायचे काय, रीत, उत्तर आणि शेवटी ताळा. जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९४५ साली 'हाऊ टु सॉल्व्ह इट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातही जवळजवळ हाच क्रम आहे : प्रश्न समजून घ्या, योजना ठरवा, ती पार पाडा आणि मागे वळून उत्तर तपासा. आपण विद्यार्थी काय करतो? पहिली आणि शेवटची पायरी गाळतो. दोन आकडे दिसले की गुणायचे की भागायचे एवढेच विचारतो. वस्तुतः शाब्दिक उदाहरण हे आधी एक वाक्य असते. वाक्य वाचणे हा तर आपल्या शाखेचा व्यवसाय. कवितेतील एका शब्दावर तासभर चर्चा करणारे आपण 'दर शेकडा' या शब्दांवर क्षणभरही थांबत नाही, हे नवल आहे.

तीन राशी

पहिले उदाहरण अगदी सोपे घेऊ. ५ मीटर कापडाला ४२५ रुपये पडतात, तर ८ मीटर कापडाला किती पडतील?

गणित करण्यापूर्वी अंदाज बांधू. ८ मीटर हे ५ मीटरपेक्षा जास्त, पण त्याच्या दुपटीपेक्षा कमी आहेत. म्हणून उत्तर ४२५ पेक्षा जास्त आणि ८५० पेक्षा कमी यायला हवे. आता एका मीटरची किंमत काढू : ४२५ भागिले ५, म्हणजे ८५ रुपये. ८ मीटरची किंमत ८५ गुणिले ८, म्हणजे ६८० रुपये. उत्तर अंदाजात बसते. हीच एकमान पद्धती.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त याच गणिताला त्रैराशिक म्हटले आहे, आणि त्यातील तीन राशींना प्रमाण, फल व इच्छा अशी सुरेख नावे आहेत. येथे ५ मीटर हे प्रमाण, ४२५ रुपये हे फल आणि ८ मीटर ही आपली इच्छा. प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी असतात, फल वेगळ्या जातीचे असते. फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. ४२५ गुणिले ८ म्हणजे ३,४००, त्याला ५ ने भागून ६८०. उत्तर तेच. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे त्रैराशिक ही आपल्यासाठी काही परकी वस्तू नव्हे.

आता दुसरे उदाहरण. ६ बाया एका शेताची खुरपणी ४ दिवसांत करतात, तर ८ बाया ती किती दिवसांत करतील? वरची रीत डोळे मिटून लावली तर ४ गुणिले ८ भागिले ६, म्हणजे ५ पूर्णांक १ तृतीयांश दिवस असे उत्तर येते. बाया वाढल्या आणि दिवसही वाढले! शेतावर गेलेले कोणीही या उत्तराला हसेल. येथे एका बाईचे किती दिवसांचे काम आहे ते आधी काढावे लागते. ६ बाया, ४ दिवस, म्हणजे एका बाईचे २४ दिवसांचे काम. ते ८ जणींत वाटले की ३ दिवस. एक राशी वाढली असता दुसरी कमी होते, म्हणून हे व्यस्त त्रैराशिक.

आणि हे तिसरे. अंगणातल्या दोरीवर ५ साड्या वाळायला २ तास लागतात, तर १० साड्यांना किती लागतील? वर्गात हा प्रश्न विचारला तर निम्मी मुले 'चार तास' म्हणतील. दोरी पुरेशी लांब असेल आणि ऊन तसेच असेल तर उत्तर दोन तासच आहे. येथे त्रैराशिक नाहीच. तिन्ही उदाहरणांत आकड्यांची मांडणी सारखी दिसते, पण वाक्ये निराळी आहेत. कोणती रीत लावायची हे आकडे सांगत नाहीत, वाक्य सांगते.

शंभर कोणाचे?

'शेकडा' या शब्दाचा अर्थ दर शंभरास. पण शंभर कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

एका साडीची किंमत ५०० रुपये आहे. सणापूर्वी दुकानदाराने ती शेकडा २० ने वाढवली आणि मग 'शेकडा २० सूट' अशी पाटी लावली. गिऱ्हाइकाला वाटते, वीस चढले, वीस उतरले, किंमत मूळपदावर आली. पायरीपायरीने पाहू. ५०० चे शेकडा २० म्हणजे १०० रुपये. नवी किंमत ६००. आता सूट मिळते ती ६०० वर. ६०० चे शेकडा २० म्हणजे १२० रुपये. साडी ४८० रुपयांना पडली. चढताना शेकडा ५०० चा होता, उतरताना ६०० चा. २० हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला तरी त्याच्या मागचे शंभर बदललेले होते.

हेच गणित उलट दिशेने विचारले की पुष्कळ जण घसरतात. शेकडा २० सूट मिळून साडी ४८० रुपयांना पडली, तर छापील किंमत किती? घाईत आपण ४८० चे शेकडा २० काढतो, म्हणजे ९६, ते मिळवून ५७६ म्हणतो. ताळा पाहू. ५७६ चे शेकडा २० म्हणजे ११५ रुपये २० पैसे. ते वजा केले तर ४६० रुपये ८० पैसे उरतात, ४८० नव्हेत. उत्तर चुकले. योग्य वाचन असे : छापील किंमत १०० मानली तर हाती ८० राहतात. ८० ला १००, तर ४८० ला किती? ४८० गुणिले १०० भागिले ८०, म्हणजे ६००. पुन्हा ते त्रैराशिकच.

'२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के' ही पाटीही आपल्या परिचयाची आहे. १,००० रुपयांच्या वस्तूवर ती ३० टक्के होत नाही. पहिल्या सुटीनंतर ८०० उरतात, दुसरी सूट या ८०० वर मिळते, म्हणजे ८० रुपये. वस्तू ७२० ला पडते. एकूण सूट २८ टक्के.

शंभर कोणाचे, या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : किती काळासाठी? बँकेत 'शेकडा १२' म्हणजे वर्षाला १२. खेड्यापाड्यांतल्या उसनवारीत 'शेकडा दोन' म्हणजे बहुधा दरमहा दोन, म्हणजे वर्षाला २४. ऐकताना दोन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. पहिला दर दुसऱ्याच्या दुप्पट आहे, हे काळ विचारल्याखेरीज कळत नाही.

सरासरीची एक चकवा

शिवणयंत्राकडे जाण्यापूर्वी एसटीचा एक प्रवास करू. गावापासून शहर १२० किलोमीटर आहे. गाडी जाताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने आली. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? चटकन येणारे उत्तर आहे ५०. पण जाताना १२० भागिले ४०, म्हणजे ३ तास लागले आणि येताना १२० भागिले ६०, म्हणजे २ तास. एकूण २४० किलोमीटर अंतर ५ तासांत कापले. सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर.

५० का नाही? कारण गाडी कमी वेगाने अधिक वेळ चालली. प्रत्येक वेग किती काळ टिकला, याला सरासरीत महत्त्व आहे. नुसते दोन आकडे मिळवून दोनाने भागले की हा काळ हिशेबातून निसटतो. हे ध्यानात ठेवून आता दुकानदाराच्या कागदाकडे वळू.

तो कागद पुन्हा वाचू

१२,००० रुपये, शेकडा १२, एक वर्ष, व्याज १,४४०. या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की १२,००० रुपये आईकडे पूर्ण वर्षभर होते. होते का?

पहिला महिना संपताच आईने पहिला हप्ता भरला. १,१२० रुपयांच्या हप्त्यात १,००० रुपये मुद्दलाचे आणि १२० रुपये व्याजाचे असे धरू. म्हणजे दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे दुकानदाराचे ११,००० रुपयेच उरले. तिसऱ्या महिन्यात १०,०००. असे उतरत उतरत बाराव्या महिन्यात अवघे १,०००. संपूर्ण १२,००० रुपये तिने वापरले ते फक्त पहिल्या महिन्यात. व्याज मात्र बाराही महिने १२,००० वरच मोजले गेले.

उरलेल्या मुद्दलावर शेकडा १२ दराने व्याज लावले असते तर किती झाले असते? वर्षाला शेकडा १२ म्हणजे महिन्याला शेकडा १. पहिल्या महिन्याचे १२० रुपये, दुसऱ्याचे ११०, तिसऱ्याचे १००, आणि असेच शेवटच्या महिन्याचे १० रुपये. या बारा संख्यांची बेरीज करायला सोपी युक्ती आहे. पहिली व शेवटची मिळवा : १२० आणि १० म्हणजे १३०. दुसरी व शेवटून दुसरी मिळवा : ११० आणि २०, पुन्हा १३०. अशा सहा जोड्या होतात. १३० गुणिले ६ म्हणजे ७८० रुपये.

आईने व्याज दिले १,४४०. फरक ६६० रुपये. त्या वेळी आई एका ब्लाऊजची शिलाई ११० रुपये घेत असे. म्हणजे सहा ब्लाऊज तिने केवळ या फरकासाठी शिवले.

मग खरा दर किती पडला? येथे भास्कराचार्यांच्या तीन राशी पुन्हा कामाला येतात. उरलेल्या मुद्दलावर ७८० रुपये व्याज हे शेकडा १२ दराने होते, तर १,४४० रुपये व्याज किती दराने? ७८० हे प्रमाण, १२ हे फल, १,४४० ही इच्छा. १२ गुणिले १,४४० म्हणजे १७,२८०, त्याला ७८० ने भागून उत्तर येते २२ च्या थोडे वर. प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज व मग मुद्दल वळते करून अधिक काटेकोर मांडणी केली, तर दर साडेएकवीसच्या आसपास निघतो. कोणत्याही रीतीने पाहा, बारा म्हणून ऐकलेला दर बारा नव्हता.

शाळेत शिकलेला नवांचा ताळा येथे लावून पाहण्यासारखा आहे. १,१२० च्या अंकांची बेरीज ४. १२ च्या अंकांची बेरीज ३. ४ गुणिले ३ म्हणजे १२, आणि त्याची बेरीज ३. आता १३,४४० : एक, तीन, चार, चार व शून्य मिळून १२, म्हणजे ३. ताळा जुळला. याचा अर्थ गुणाकारात चूक आढळली नाही, एवढाच. (अंकांची अदलाबदल होऊन १४,३४० लिहिले असते तरी ताळा जुळला असता, ही या रीतीची मर्यादा.) योग्य रकमेवर गुणाकार केला की नाही, हे कोणताही ताळा सांगत नाही. त्या दिवशी दुकानात मी ताळाच पाहिला होता. प्रश्न वाचला नव्हता.

दुकानदाराने खोटे सांगितले असे मला म्हणायचे नाही. हप्ता किती, एकूण रक्कम किती, हे सारे त्यांनी कागदावर लिहून दिले होते. शेकडा कशावर, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी आपणहून सांगितले नाही. आता बँका व वित्तसंस्था यांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि त्यात शुल्क वगैरे धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. असे पत्रक हाती आले तर ती ओळ आधी शोधावी. पण दुकानाच्या गल्ल्यावर, ओळखीपाळखीत ठरणाऱ्या हप्त्यांना असे पत्रक कोठून येणार? तेथे आपणच प्रश्न विचारायला हवा.

शेवटी

हा सारा हिशेब मी एका रविवारी वहीत मांडला आणि आईला दाखवला. तिने तो शांतपणे ऐकला. १३० च्या सहा जोड्या तिने बोटांवर मोजून पाहिल्या. मग म्हणाली, "सहा ब्लाऊज म्हणजे माझे दोन दिवस गं." रागावली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "तेव्हा मी तुला विचारलं होतं."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'मी कला शाखेची आहे' हे उत्तर तर नव्हेच. त्या कागदावर बेरीज, गुणाकार आणि भागाकार याखेरीज काही नव्हते, आणि ते तर चौथीतच शिकून झाले होते. कमी पडले ते गणित नव्हे, वाचन.

गेल्या दिवाळीत शेजारच्या मावशींना फ्रीज घ्यायचा होता. त्या आईला सोबत घेऊन दुकानात गेल्या. मीही गेले होते. दुकान दुसरे, पण कागदावरची मांडणी तशीच. दर सांगून झाल्यावर आई म्हणाली, "दर कळला. पण शेकडा कशावर धरलाय? सगळ्या रकमेवर की उरलेल्या?" दुकानदार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सगळ्या रकमेवर, ताई." मावशींनी त्या दिवशी फ्रीज घेतला नाही. पुढच्या महिन्यात बचत गटाकडून कर्ज काढून घेतला. गटाचे व्याज शेकडा एक, दरमहा, उरलेल्या मुद्दलावर.

हा दर वर्षाला किती पडतो आणि १२,००० रुपयांवर बारा समान मुद्दल-हप्त्यांत किती व्याज होते, हे उदाहरण वाचकांसाठी सोडते. त्याचे उत्तर याच लेखात आहे. मात्र आकडे शोधण्यापूर्वी वाक्य एकदा सावकाश वाचावे, एवढी विनंती.